दातांवरील कीटण : निर्मिती, प्रतिबंध आणि दैनंदिन दंतनिगा
(नवी मुंबईच्या विशेष संदर्भात)

गोषवारा :
दातांवर साचणारे कीटण, म्हणजेच टार्टर, हा हिरड्यांच्या विकारांना पोषक ठरणारा घटक आहे. कीटण एकदा घट्ट झाले की ते ब्रशने निघत नाही; मात्र ते घट्ट होण्यापूर्वीचा मऊ थर, म्हणजेच प्लाक, ब्रशने सहज निघतो. त्यामुळे कीटणाचा प्रतिबंध हा जोर लावण्याचा प्रश्न नसून वेळेचा आणि पद्धतीचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात कीटणाची निर्मितीप्रक्रिया, त्याचा हिरड्यांशी असलेला संबंध, त्याविषयीचे प्रचलित गैरसमज, दात घासण्याची शास्त्रीय पद्धत आणि या संदर्भातील महाविद्यालयांची भूमिका यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : कीटण, प्लाक, हिरड्यांचे विकार, दंतनिगा, स्केलिंग, नवी मुंबई.

१. प्रस्तावना

दात दुखू लागल्याशिवाय दंतवैद्याची पायरी चढायची नाही, ही आपल्या समाजातील रूढ रीत आहे. किडलेला दात ठणकतो, म्हणून त्याची दखल घेतली जाते. कीटण मात्र दुखत नाही. ते वर्षानुवर्षे दातांच्या मागील बाजूस साचत राहते, हिरड्या किंचित सुजतात, घासताना थोडे रक्त येते आणि या साऱ्याकडे 'एवढे तर चालायचेच' म्हणून दुर्लक्ष होते. पुढे पन्नाशीच्या आसपास दात हलू लागले की त्याचे खापर वयावर फोडले जाते. वस्तुतः निरोगी हिरड्यांतील दात केवळ वय वाढले म्हणून पडत नाहीत.

हा प्रश्न किती व्यापक आहे, याची कल्पना भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ सालच्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणावरून येते. त्यात १२ वर्षे वयाच्या सुमारे ५७ टक्के, १५ वर्षे वयाच्या सुमारे ६८ टक्के, तर ३५ ते ४४ या वयोगटातील सुमारे ९० टक्के व्यक्तींमध्ये हिरड्यांच्या विकाराची लक्षणे आढळली. या मोजणीत हिरड्यांतून रक्त येणे व कीटण असणे या प्राथमिक लक्षणांचाही समावेश होतो. त्यामुळे ही टक्केवारी तीव्र आजाराची मानता येणार नाही. परंतु तीव्र आजाराची वाट येथूनच सुरू होते, हेही विसरून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात १०० कोटींहून अधिक लोकांना हिरड्यांचा तीव्र विकार आहे.

नवी मुंबईच्या संदर्भात या विषयाला वेगळे महत्त्व आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्वेस नियोजनबद्ध शहर उभे राहिले. या शहराने शिक्षणसंस्थांना मोठ्या प्रमाणावर जागा दिली. आज नेरुळ, बेलापूर, खारघर व कामोठे या उपनगरांत दंत महाविद्यालये आहेत. एवढ्या छोट्या परिसरात दंतशास्त्राच्या शिक्षणाची इतकी सोय असणारी शहरे थोडी आहेत. तरीही पहाटेची लोकल गाठणारा आणि रात्री उशिरा घरी परतणारा येथील नोकरदार सकाळी अर्ध्या मिनिटात दात उरकतो व रात्री न घासताच झोपतो, हे चित्र दुर्मीळ नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, त्यातलाच हा प्रकार होय.

२. कीटण कसे तयार होते ?

कीटण हा आधुनिक जीवनशैलीने निर्माण केलेला विकार नव्हे. सुश्रुतसंहितेत दंतरोगांच्या वर्णनात 'दंतशर्करा' या नावाने त्याचा उल्लेख येतो. दातांवर खड्यासारखा घट्ट झालेला मळ, असे त्याचे स्वरूप तेथे सांगितले आहे. दातांच्या मुळांना इजा न करता वैद्याने ती काढावी, असा निर्देशही आहे आणि त्यासाठी 'दंतशंकू' नावाच्या शस्त्राची योजना आहे. युरोपात १६८३ साली डच संशोधक लेव्हेनहूक याने आपल्या दातांवरील मळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात वळवळणारे असंख्य सूक्ष्मजीव असल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. मळ आणि जीव यांचा संबंध तेथे प्रथम नोंदविला गेला.

आजच्या ज्ञानानुसार ही प्रक्रिया पुढीलप्रमाणे घडते. दात स्वच्छ घासल्यानंतर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचा एक अतिशय पातळ थर दातांवर बसतो. या थरावर तोंडातील जिवाणू चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती एक चिकट आवरण तयार करतात. हाच प्लाक होय. तो मऊ व पांढुरका असून नुसत्या चुळा भरून जात नाही. तो घासूनच काढावा लागतो.

प्लाक जागीच राहिला, तर लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट हे क्षार त्यात उतरू लागतात. ही क्रिया काही तासांतही सुरू होऊ शकते. काहींच्या बाबतीत दोन दिवसांत प्लाकचा सुमारे निम्मा भाग, तर बारा दिवसांत ६० ते ९० टक्के भाग क्षारयुक्त झालेला आढळतो. पूर्ण तयार झालेल्या कीटणात ७० ते ८० टक्के खनिज द्रव्ये असतात आणि त्यात कॅल्शियम फॉस्फेटचे प्रमाण सर्वाधिक असते. हा वेग प्रत्येकाचा वेगळा असतो. काहींच्या दातांवर कीटण झपाट्याने चढते, तर काहींच्या दातांवर फारच सावकाश. त्यामुळे 'शेजारी एकदाच दात घासतो, तरी त्याला काही होत नाही' ही तुलना निरर्थक ठरते.

कीटण सर्वत्र सारखे साचत नाही. खालच्या पटाशीच्या दातांची जिभेकडील बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडील बाजू या त्याच्या नेहमीच्या जागा होत. याचे कारण सरळ आहे. जिभेखालील लाळग्रंथींच्या नलिका खालच्या पुढच्या दातांमागे उघडतात, तर कानाजवळील लाळग्रंथीची नलिका वरच्या दाढांसमोर गालाच्या आतील बाजूस उघडते. जेथे लाळ ताजी, तेथे क्षारांचा पुरवठा अधिक. दुर्दैव असे, की आरशात न दिसणाऱ्या याच जागा घासताना सर्वाधिक दुर्लक्षित राहतात.

हिरडीच्या वरचे कीटण पिवळट-पांढरे असते. चहा, तंबाखू यांमुळे ते तपकिरी होते. हिरडीच्या खाली, दात व हिरडी यांच्यामधील फटीत साचणारे कीटण गडद व अधिक कठीण असते. ते डोळ्यांना दिसत नाही. दंतवैद्याच्या तपासणीतच त्याचा पत्ता लागतो.

३. कीटण आणि हिरड्यांचे विकार

हिरड्यांना सूज आणणारा मुख्य घटक कोणता, या प्रश्नाचे उत्तर १९६५ साली डेन्मार्कमधील आर्हुस येथे मिळाले. हाराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या १२ व्यक्तींना दात घासणे पूर्णपणे थांबविण्यास सांगितले. यांत दंतशास्त्राचे विद्यार्थी बहुसंख्य होते. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. दात घासणे पुन्हा सुरू करताच सुमारे आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. सूज येण्याचे कारण प्लाक आहे आणि या टप्प्यावर ती संपूर्ण बरी होऊ शकते, या दोन्ही गोष्टी या छोट्या प्रयोगाने सिद्ध केल्या.

यावरून असे दिसते, की कीटण हे स्वतः मूळ आरोपी नसून आरोपीला आश्रय देणारे घर आहे. त्याचा पृष्ठभाग खडबडीत व सच्छिद्र असल्याने त्यावर जिवंत प्लाक सतत टिकून राहतो आणि तेथे ब्रश निरुपयोगी ठरतो. सूज दीर्घकाळ राहिल्यास काही व्यक्तींमध्ये ती खोलवर जाते. दाताला जबड्याशी बांधून ठेवणारे तंतू व भोवतीचे हाड झिजू लागते. याच अवस्थेला लोक 'पायोरिया' म्हणतात. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. म्हणून सुजेच्या अवस्थेतच सावध होणे श्रेयस्कर ठरते.

हिरड्यांच्या आजाराचा मधुमेहाशी दुहेरी संबंध आहे. अनियंत्रित मधुमेहात हिरड्यांचा विकार बळावतो आणि हिरड्यांतील दीर्घकालीन सूज रक्तशर्करेचे नियंत्रण अवघड करते. कॉक्रेन संस्थेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत मधुमेही रुग्णांच्या एचबीएवनसी या तपासणीच्या आकड्यात सरासरी ०.४३ इतकी घट दिसून आली. हे यश औषधांना पर्याय ठरणारे नसले, तरी त्यांना पूरक ठरण्याइतके निश्चितच आहे.

४. काही प्रचलित गैरसमज

(अ) पाण्यातील क्षारांमुळे कीटण चढते : बोअरवेलच्या पाण्याने बादलीवर व गिझरमध्ये पांढरा थर चढतो; त्यावरून दातांवरील थरही पाण्यामुळेच असावा, असा तर्क केला जातो. नवी मुंबईत दुष्काळी जिल्ह्यांतून स्थायिक झालेल्या कुटुंबांत ही समजूत विशेष आढळते. परंतु कीटणातील क्षार मुख्यत्वे लाळेतून येतात. नवी मुंबई महानगरपालिकेचा प्रमुख जलस्रोत असलेले खालापूर तालुक्यातील मोरबे धरण पावसाच्या पाण्यावर भरते. तरीही या पाण्यावर वाढलेल्यांच्या दातांवर कीटण चढतेच. पाणी बदलले, लाळ बदलली नाही. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलातील फ्लोराइडमुळे दातांवर तपकिरी डाग पडतात, ही गोष्ट निराळी. ते डाग दाताच्या घडणीतच असतात, ते कीटण नव्हेत.

(आ) स्केलिंगमुळे दात हलतात, फटी पडतात : कीटण वर्षानुवर्षे साचले की ते शेजारच्या दातांना सिमेंटप्रमाणे सांधून धरते. हाड आधीच झिजलेले असते. कीटण निघाल्यावर ती झीज व ती फट उघडी पडते, एवढेच. भिंतीचा पोपडा काढल्यावर आतील तडा दिसावा, तसे हे आहे. तडा पोपडा काढल्याने पडत नाही. सुजलेल्या हिरड्या आवळल्यामुळेही दातांमधील जागा अधिक दिसू लागते आणि काही दिवस दातांना थंड पदार्थ झोंबतात.

(इ) लिंबू, खाण्याचा सोडा किंवा कोळशाने कीटण घरीच काढता येते : कीटण व दातांचे कठीण आवरण ही दोन्ही कॅल्शियम फॉस्फेटच्याच कुळातील आहेत. जे आम्ल कीटण विरघळवेल, ते दातही विरघळवेल. खरखरीत भुकटीने कीटण निघत नाही. दातांची व हिरड्यांची मात्र झीज होते. पिन, सुई यांनी कीटण खरवडणे तर सर्वस्वी धोक्याचे आहे.

(ई) रक्त येते म्हणून तेथे घासू नये : रक्त येणे हे बहुधा सुजेचे, म्हणजे प्लाक राहिल्याचे लक्षण असते. तेथे मऊ ब्रशने हळुवारपणे, परंतु नियमित घासले पाहिजे. काही दिवसांत रक्त थांबले नाही, तर तपासणी आवश्यक आहे.

(उ) मशेरीने दात मजबूत राहतात : तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरी लावण्याची सवय महाराष्ट्राच्या अनेक भागांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, आढळते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत होते. तंबाखू मिसळलेल्या टूथपेस्ट व दंतमंजनांवर केंद्र शासनाने १९९२ साली बंदी घातली. परंतु घरच्या तव्यावर कायदा पोहोचत नाही. मशेरीने हिरड्या बधिर झाल्यासारख्या वाटतात आणि त्या आरामालाच गुण समजले जाते. प्रत्यक्षात तंबाखूने हिरड्यांची हानी होते आणि मुखकर्करोगाचा धोका वाढतो.

५. दैनंदिन दंतनिगेची पद्धत

कीटण टाळण्याचे सूत्र एका वाक्यात सांगता येते : प्लाकला घट्ट होण्याइतका अवधी मिळू द्यायचा नाही. दिवसातून दोनदा दात घासण्यामागील तर्क हाच आहे. अष्टांगहृदयातील दिनचर्येत सकाळी व भोजनानंतर दंतधावन करावे, काडीचे टोक मऊ असावे आणि हिरड्यांना बाधा होऊ नये, असे सांगितले आहे. साधन बदलले असले, तरी या तिन्ही अटी आजही लागू पडतात.

ब्रश मऊ तंतूंचा व लहान डोक्याचा असावा. तंतू फाकले की, अथवा साधारण तीन महिन्यांनी, तो बदलावा. प्रौढांना वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. फ्लोराइड किडीपासून संरक्षण देते. पायरोफॉस्फेट किंवा जस्ताचे क्षार असलेल्या पेस्टमुळे हिरडीवरील नव्या कीटणाची वाढ मंदावते. मात्र जुने कीटण कोणत्याही पेस्टने निघत नाही.

दात घासण्याची जी पद्धत दंत महाविद्यालयांत शिकविली जाते, ती अमेरिकन वैद्य चार्ल्स बास यांनी १९४८ साली मांडली. तिचे टप्पे असे :

१) ब्रशचे तंतू दात व हिरडी यांच्या सांध्यावर सुमारे ४५ अंशांच्या कोनात टेकवावेत.
२) एका वेळी दोन-तीन दातांवर, जागच्या जागी, हलक्या व आखूड हालचाली कराव्यात. करवतीसारखे आडवे घासू नये. त्याने दातांच्या मुळाशी खाचा पडतात.
३) त्यानंतर ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवावा आणि पुढील दातांकडे जावे.
४) खालच्या व वरच्या पुढच्या दातांच्या आतील बाजूस ब्रश उभा धरून घासावे.
५) शेवटी दाढांचे चावण्याचे पृष्ठभाग व जीभ स्वच्छ करावी.

या साऱ्यास किमान दोन मिनिटे लागतात. सुरुवात नेहमी दर्शनी दातांपासून न करता खालच्या पुढच्या दातांच्या मागील बाजूपासून करणे हितावह आहे. कारण प्रारंभीचा उत्साह सर्वाधिक दुर्लक्षित जागेस मिळतो.

ब्रशचे तंतू दोन दातांच्या मधल्या जागेत नीट पोहोचत नाहीत. त्यासाठी दिवसातून एकदा दंतधागा किंवा फटी मोठ्या असल्यास बारीक आंतरदंत ब्रश वापरावा. दातांना तारा लावलेल्या विद्यार्थ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. रात्रीचे घासणे तर अजिबात टाळू नये. झोपेत लाळेचे प्रमाण कमी होते, तोंडाची नैसर्गिक धुलाई मंदावते आणि प्लाकला कित्येक तासांचा निवांतपणा मिळतो. आंबट फळे किंवा पेये घेतल्यावर मात्र साधारण अर्धा तास थांबून घासावे.

६. दंतवैद्याची भूमिका

कीटण एकदा तयार झाले की ते काढणे हे दंतवैद्याचेच काम होय. स्केलिंगचे यंत्र सेकंदाला हजारो वेळा कंप पावणाऱ्या टोकाने कीटण फोडते व पाण्याच्या फवाऱ्याने ते धुऊन काढते. ते योग्य रीतीने केल्यास दातांच्या आवरणास धोका नसतो.

स्केलिंग किती दिवसांनी करावे, याचे सर्वांना लागू पडणारे एकच उत्तर नाही. हिरड्यांचा तीव्र विकार नसलेल्या व नियमित तपासणी करणाऱ्या प्रौढांमध्ये ते सहा महिन्यांनी केले काय किंवा वर्षाने केले काय, हिरड्यांच्या आरोग्यात फारसा फरक पडत नाही, असे कॉक्रेनच्या २०१८ च्या आढाव्यात दिसून आले. याचा अर्थ स्केलिंग निरुपयोगी आहे, असा नव्हे. मधुमेह, तंबाखूसेवन किंवा हिरड्यांचा जुना विकार असणाऱ्यांना ते अधिक वेळा लागू शकते. परंतु दोन भेटींच्या मधले शेकडो दिवस दात ज्याच्या हाती असतात, त्याच्याच सवयीवर निकाल ठरतो, हा या निष्कर्षाचा बोध आहे. सुश्रुताने काढण्याचे काम वैद्याकडे सोपविले व वाग्भटाने रोजची निगा दिनचर्येत घातली, ही कामाची विभागणी आजही तशीच आहे.

७. महाविद्यालयांनी काय करावे ?

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत दंततपासणी ठेवण्याची प्रथा अनेक महाविद्यालयांत आहे. बहुधा तपासणी होते, पेस्टच्या नळ्या वाटल्या जातात आणि शिबिर संपते. याऐवजी प्लाकला रंग देणाऱ्या गोळीचा उपयोग करून विद्यार्थ्याला त्याच्याच दातांवरील राहिलेला मळ आरशात दाखविला, नंतर बास पद्धतीने घासायला लावून पुन्हा दाखविले, तर दहा मिनिटांत जे पटते ते तासाभराच्या व्याख्यानानेही पटत नाही. नवी मुंबईतील महाविद्यालयांना यासाठी जवळच्या दंत महाविद्यालयाचे सहकार्य घेता येईल. या महाविद्यालयांच्या रुग्णालयांत शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार केले जातात आणि खाजगी दवाखान्यांच्या तुलनेत तेथील खर्च सामान्यतः कमी असतो, ही माहितीही विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचविली पाहिजे. विशेषतः मशेरी लावणाऱ्या आई-आजीपर्यंत ती पोहोचणे अगत्याचे आहे. बाहेरच्या व्याख्यात्यापेक्षा घरातील शिकत्या मुलीचा शब्द तेथे अधिक मानला जातो.

प्राध्यापकांनी स्वतःपासून आरंभ करणेही उचित ठरेल. सलग तासिका, बोलून कोरडे पडलेले तोंड आणि मधल्या वेळचा गोड चहा ही आपल्या व्यवसायाची नित्याची साथ आहे. कोरड्या तोंडात लाळेचे संरक्षण कमी होते. तासिकांमध्ये पाणी पिणे व चहानंतर चूळ भरणे एवढे तरी सहज जमण्यासारखे आहे.

८. समारोप

कीटण हे कालच्या न घासलेल्या प्लाकचे आज घट्ट झालेले रूप आहे. त्याच्याशी जोराने झुंजता येत नाही, ते लिंबू-सोड्याने पळत नाही आणि पाणी बदलूनही टळत नाही. मऊ ब्रश, योग्य कोन, दोन मिनिटे आणि रात्रीची न चुकणारी वेळ एवढ्यावर त्याचा प्रतिबंध बहुतांशी अवलंबून आहे. जे साचलेच, ते वेळीच दंतवैद्याकडून काढून घेणे इष्ट. आर्हुसच्या प्रयोगातील हिरड्या आठवडाभरात पूर्ववत झाल्या, कारण तेथे हाड झिजले नव्हते. आपल्या विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्य आज त्याच टप्प्यावर आहेत. पुढील तीस वर्षे त्यांचे दात टिकावेत, यासाठी महाविद्यालयीन वर्षे हाच योग्य काळ आहे.